चेहऱ्याला तीन वस्तू पुरतात

चेहऱ्याची निगा नव्यानं सुरू करायची असेल तर तीन वस्तू पुरतात: तोंड धुवायला काहीतरी सौम्य, ओलावा टिकवायला एक साधं मॉइश्चरायझर आणि उन्हासाठी सनस्क्रीन. शेवगावात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते, आणि बऱ्याचदा समोरची मुलगी हिरमुसते. तिनं मोबाइलवर दहा पायऱ्यांचं रूटीन पाहिलेलं असतं. टोनर, सीरम, एसेन्स, रात्रीचं वेगळं क्रीम, डोळ्यांखालचं वेगळं. त्यातलं निम्मंसुद्धा तिच्या खिशाला परवडणारं नसतं.

अलीकडे कॉलेजच्या मुली आणखी एक प्रश्न विचारू लागल्या आहेत: ‘‘मॅडम, हे प्राण्यांवर तपासलेलं तर नाही ना?’’ हा प्रश्न मला मनापासून आवडतो. आपल्या चेहऱ्यासाठी दुसऱ्या जिवाला त्रास होऊ नये असं वाटणं ही चांगल्या माणसाची खूण आहे. फक्त अशा वस्तू महागच असणार, पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांतच मिळणार, असा त्यांचा समज असतो. तो खरा नाही. साधं, स्वस्त आणि कुणाचाही छळ न करणारं, या तिन्ही गोष्टी एकाच वाटेवर भेटतात. ती वाट जुन्या, ओळखीच्या घटकांची आहे.

इथली हवा, इथलं पाणी

शेवगाव तालुका पर्जन्यछायेतला. नाथसागर जलाशयाच्या बाजूला ऊस दिसतो, पण बोधेगाव-चापडगावकडचा बराचसा भाग कोरडवाहू. दिवाळीच्या सुमारास पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी होते, पहाटे गारवा पडतो आणि शेतात कापसाची वेचणी चालू असते. याच दिवसांत ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, गालांवर पांढुरके कोरडे चट्टे दिसू लागतात. त्या चट्ट्यांना घरचे ‘कॅल्शियम कमी झालं’ म्हणतात. पुष्कळदा ती नुसती कोरडी पडलेली त्वचा असते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना धुऊन गेला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, परागकण आत शिरतात. मग आग होते, खाज सुटते. नव्यानं निगा सुरू करणाऱ्यानं एवढं एकच ध्येय ठेवावं: ही भिंत शाबूत ठेवायची.

आपल्याकडे या भिंतीला सगळ्यात जास्त धक्का देतं ते बोअरचं पाणी. अंघोळीच्या बादलीची आतली कड बघा. पाण्याच्या रेषेवर पांढरा, खरखरीत थर जमलेला असतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण एकत्र आले की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. त्यामुळे फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण लावतो, आणि तो साका बादलीवर बसतो तसाच कातडीवरही राहतो. त्यातच निरोगी त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५ च्या आसपास, तर साबणाच्या वडीचा ९ ते १०. दिवसातून चार वेळा साबणानं तोंड धुणारी मुलगी ‘माझी त्वचा फार कोरडी आहे’ म्हणून येते, तेव्हा औषध लिहिण्याआधी मी साबणच बंद करायला सांगते.

पहिली वस्तू: धुणं

चेहरा दिवसातून दोनदा धुतला की पुरे. कोमट किंवा साध्या पाण्यानं, बोटांनी, न घासता. साबणाऐवजी साबणविरहित क्लेन्झर घ्या. बोअरच्या जड पाण्यात त्याचा साका होत नाही. तो परवडत नसेल तर सकाळी नुसतं पाणी आणि संध्याकाळी एकदाच सौम्य साबण, तोही लगेच धुऊन टाकायचा. वडी घेताना वेष्टनावर ‘टॉयलेट सोप’ लिहिलंय की ‘बेदिंग बार’, आणि टीएफएम, म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश, किती, हे वाचा. पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये टीएफएम किमान ७६ टक्के असावं लागतं.

दिवाळीचं उटणं जरूर लावा. आधी तेल चोळायचं आणि मग उटण्यानं ते काढायचं, ही अभ्यंगस्नानाची रीत त्वचेच्या दृष्टीनं शहाणपणाची आहे, कारण त्यात कातडी पुरती कोरडी होत नाही. फक्त चेहऱ्यावर उटणं वाळून तडकेपर्यंत ठेवू नका आणि ते रोज घासू नका. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट मात्र चेहऱ्यापासून लांबच ठेवा. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास. तो लावून उन्हात गेलेल्या चेहऱ्यावर भाजल्यासारखे काळे डाग पडलेले मी पाहिले आहेत, आणि ते जायला महिने लागतात.

दुसरी वस्तू: ओलावा

चेहरा टॉवेलनं टिपला की तो ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. ग्लिसरीनची बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये शंभर रुपयांच्या आत मिळते. ते नुसतं लावू नये. तळहातावर दोन थेंब घेऊन त्यात दुप्पट-तिप्पट पाणी मिसळावं. हातपाय, कोपरे, टाचा यांना रात्री पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल उत्तम. चेहरा तेलकट असेल, मुरमं येत असतील तर खोबरेल चेहऱ्यावर नको, त्यानं छिद्रं बुजतात. अशांनी ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं पातळ लोशन किंवा जेल घ्यावं.

तिसरी वस्तू: ऊन

आपल्याकडच्या बायकांची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे वांग. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग. पुष्कळदा गरोदरपणात सुरू होतात आणि उन्हानं गडद होतात. त्यांच्यासाठी कुठलीही क्रीम लिहून दिली तरी ऊन टाळल्याशिवाय ती चालत नाही.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असावं. एसपीएफ ३० अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, तेव्हा आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. महत्त्वाचं आहे ते प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीच्या पूर्ण लांबीएवढी क्रीम चेहऱ्याला आणि मानेला. वाटाण्याएवढी लावली तर वेष्टनावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. वांग असेल तर हलक्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण वांग नुसत्या प्रकाशानंही वाढतो.

तीन वस्तूंमध्ये हीच महाग आहे आणि दिवसभर रानात राबणाऱ्या बाईनं दर दोन तासांनी ती लावावी असं सांगणं व्यवहाराचं नाही. पण कापूस वेचायला जाताना आमच्या बायका साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला, तोंडाला रुमाल बांधतात. तो शर्ट आणि तो रुमाल हे उत्तम संरक्षण आहे. गाजरगवतापासूनही ते वाचवतं. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आता बांधाबांधावर आहे, आणि त्याच्या हवेत उडणाऱ्या कणांची ॲलर्जी चेहऱ्यावर, मानेवर, पापण्यांवर उमटते. रानातून आल्यावर तोंड-हात धुणं आणि तो शर्ट वेगळा टाकणं हाही निगेचाच भाग आहे.

या तिन्ही वस्तू एकदम आणू नका. एक आणा, कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून पाहा. खाज, लाली आली नाही तर चेहऱ्यावर सुरू करा, आणि पंधरा दिवसांनी दुसरी. म्हणजे काही बिघडलं तर ते कशानं बिघडलं ते कळतं.

सशाच्या डोळ्यांचा प्रश्न

१९४४ साली जॉन ड्रेझ या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. सशाच्या एका डोळ्यात पदार्थ टाकायचा आणि पुढचे काही दिवस त्या डोळ्याची लाली, सूज, पांढरेपणा मोजत राहायचं. कितीतरी वर्षं जगभरातली सौंदर्यप्रसाधनं या चाचणीतून गेली.

भारतानं याबाबत अभिमान वाटावा असं पाऊल उचललं. २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास आपल्या कायद्यानं बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद केली. युरोपीय संघाची पूर्ण बंदी २०१३ ची. म्हणजे शेवगावच्या दुकानात मिळणारं भारतीय बनावटीचं साधं लोशन इथं प्राण्यांवर तपासलं जाऊच शकत नाही, त्यावर ‘प्राण्यांवर तपासलेलं नाही’ सांगणारं सशाचं चित्र असो वा नसो. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरांवर चाचणी होते, स्वयंसेवकांच्या त्वचेवर पट्टी लावून पाहिलं जातं.

तरी प्रश्न संपत नाही. नवीन रसायन बाजारात आणायचं तर काही देशांत रसायनांच्या इतर कायद्यांखाली त्याची प्राण्यांवर चाचणी होऊ शकते. म्हणूनच मी जुन्या घटकांचा आग्रह धरते. ग्लिसरीन १७७९ साली शील या रसायनशास्त्रज्ञानं शोधलं. पेट्रोलियम जेलीचं पेटंट १८७२ चं. झिंक ऑक्साइड आणि खोबरेल तर त्याहून जुने. माणसांच्या पिढ्यान् पिढ्यांनी हे अंगाला लावलं आहे; त्यांचे गुणदोष समजण्यासाठी आता कुठल्याही सशाची गरज नाही. दर वर्षी ‘नवा फॉर्म्युला’ मागणारा ग्राहकच नव्या चाचण्यांना वाट करून देतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. प्राण्यांवर न तपासलेली वस्तू शाकाहारी असेलच असं नाही. मेण बऱ्याचदा मधमाशीचं असतं, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं, लिपस्टिकमधला कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून काढतात आणि ग्लिसरीन चरबीपासूनही बनू शकतं. ज्यांना हेही नको असेल त्यांनी ‘व्हेगन’ असा उल्लेख पाहावा. डॉक्टरनं लिहून दिलेली औषधी मलमं मात्र वेगळ्या कायद्यात येतात. औषधांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत. पण २०२३ साली आपल्या नियमांनी तिथंही पर्यायी पद्धतींची दारं उघडून दिली आहेत.

ती ट्यूब

स्वस्तात सुरुवात म्हटलं की आमच्याकडे मुलगी आधी एक ट्यूब आणते. मैत्रिणीनं सांगितलेली, पार्लरमधून किंवा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली. माझ्या टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी रिकामी होते आणि त्यात बुडापासून गुंडाळत गुंडाळत शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली ती ट्यूब असतेच. ‘‘पहिले पंधरा दिवस लई भारी वाटलं मॅडम,’’ ती सांगते. वाटणारच. त्यात स्टेरॉइड असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, सूज दाबतं, चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल रेषा उमटतात, लव वाढते, मुरमं फुटतात आणि ट्यूब थांबवली की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. म्हणून ती पुन्हा लावली जाते.

हा प्रश्न एकट्या शेवगावचा नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्याहून भयंकर आहे पारा. २०२३ मध्ये अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा माग त्यांच्या गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत लागला. केरळमध्येही अशाच क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा आजार आढळला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळतो, आणि तोच पारा त्वचेतून रक्तात जातो.

ओळखायचं कसं? प्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत असायलाच हवी. परदेशी असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. बिनालेबलची डबी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घटकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, किंवा वेष्टनावर उभी लाल रेघ असली, तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

प्राण्यांबद्दल कळवळा असणाऱ्या मुलींना मी हे नेहमी सांगते: तुमची त्वचाही जिवंत आहे, तिच्यावरही प्रयोग नकोत. तुमचा जन्मजात रंग हा आजार नाही आणि त्याच्यावर औषध घेण्याची गरज नाही.

या दिवाळीच्या साफसफाईत घरातली सगळी मलमं, क्रीम, ट्यूब एका ताटात काढा. लेबल वाचा. ज्यांवर लेबल नाही, मुदत संपली आहे, ती टाकून द्या. स्टेरॉइडची ट्यूब निघाली तर ती डॉक्टरकडे घेऊन जा. ओवाळणीच्या पैशांतून काही घ्यायचंच असेल तर एक सनस्क्रीन घ्या, आणि रानात जाणाऱ्या आईसाठी एक मोठा सुती रुमाल.