नाना पेठ ते वाई : न वळणारी मान आणि गाडीतला पडदा

आपली गाडी बारा-पंधरा वर्षांची असेल आणि मान सत्तरीची, तर पुण्याच्या नाना पेठेत एकदा सकाळी जाऊन यावे. वाहनांचे सुटे भाग विकणारी दुकाने येथे एकमेकांना खेटून उभी आहेत. दिव्यांच्या काचा, आरसे, सीटची आवरणे दारातच टांगलेली असतात. दुपारी मात्र जाऊ नये. ज्या अडचणीवर उपाय शोधायला आपण आलो, ती अरुंद जागेत गाडी मागे घेण्याची अडचण तेथे आधी सोसावी लागते.

माझी हकीकत सांगतो, कारण ती आपल्यापैकी अनेकांची असेल. मानेच्या मणक्यांची झीज झाल्याने माझी मान जेमतेम निम्मी वळते. गाडी मागे घेताना मी आरशांवर भागवत असे. दिवाळीच्या आधी सोसायटीच्या आवारात चाकाखाली काहीतरी करकरले. उतरून पाहिले, तर शेजारच्या मुलाची छोटी सायकल होती. मूल तिच्यावर नव्हते. त्या संध्याकाळी लेक आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, मागचे दिसेल अशी सोय करा, नाहीतर किल्ली माझ्याकडे द्या." किल्ली दिली असती, तर वाईला आक्काकडे जाणे संपले असते. आक्का ८१ वर्षांची आहे आणि तिला प्रवास सोसत नाही.

नव्या गाड्यांना मागच्या अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या साध्या गाड्यांत ते बहुधा नसतात. म्हणून जुना रेडिओ काढून त्या जागी स्पर्शाने चालणारा पडदा आणि मागे नंबरप्लेटच्या वर कॅमेरा, अशी जोडी बसवायची. रेडिओच्या दुहेरी खाचेला दुकानदार 'डबल डिन' म्हणतात. तिचे माप १८० गुणिले १०० मिलिमीटर असते. फार जुन्या गाड्यांत याच्या निम्म्या उंचीची एकेरी खाच असते आणि तेथे डॅशबोर्डची चौकट बदलावी लागते.

दुकानात नऊ इंची पडदा आग्रहाने पुढे केला जातो. वयस्क डोळ्यांना मोठे अक्षर बरे, हा युक्तिवाद खराही वाटतो. परंतु पैसे देण्याआधी आपल्या गाडीत, आपल्या आसनावर, आपला रोजचा चष्मा लावून बसावे. मी बसलो आणि एक गोष्ट ध्यानात आली, जी चष्मेवाल्याने कधी सांगितली नव्हती. माझा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे. वरच्या भागातून रस्ता दिसतो, खालच्या भागातून वर्तमानपत्र. पडदा मात्र हातभर अंतरावर, म्हणजे या दोहोंच्या मधे येतो. वरून पाहिले तरी अक्षर पुसट, खालून पाहिले तरी पुसट. शिवाय खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी उचलावी लागते आणि नेमके तेच मानेला नको असते. मधल्या अंतराचीही सोय असलेले प्रोग्रेसिव्ह भिंग यावर उपयोगी पडते, पण त्याची सवय व्हायला दिवस जातात. मी सात इंची पडदा घेतला, आवाज कमी-जास्त करण्यासाठी खरोखरीची गोल कळ असलेला. सांधे आखडलेले बोट चालत्या गाडीत गुळगुळीत काचेवर हवे तिथे पडत नाही. कळ मात्र न पाहता सापडते.

बसवायला तीन तास लागले. मागच्या कॅमेऱ्याची तार दाराच्या पट्टीखालून पुढे आणतात आणि तिचा एक फाटा रिव्हर्सच्या दिव्याला जोडतात, म्हणजे गिअर टाकताच चित्र दिसू लागते. गाडीच्या मूळ तारा कापू न देता तयार कपलर लावायला सांगावे. मी हे सांगितले होते. आणखी एक विचारायला हवे होते, ते पुढे कळले.

दुपारीच वाईला निघालो. अंतर सुमारे ९० किलोमीटर. कात्रजच्या बोगद्यात शिरताच पडदा डोळ्यांवर आला. उतारवयात प्रखर उजेडातून सावरायला डोळ्यांना अधिक वेळ लागतो, मोतीबिंदू असेल तर त्याहूनही अधिक. गाडीचे दिवे लावताच पडदा आपोआप मंद व्हावा, यासाठी एक वेगळी तार असते. ती जोडून घ्यावी. माझी जोडलेली होती, मीच दिवे लावायला विसरलो होतो.

खंबाटकीचा चढ लागण्यापूर्वी पत्नीशी ठरवून टाकले, की गाडी चालू असताना पडद्याला हात लावायचा तो तिने. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दोन सेकंद नकाशा पाहिला, की ३३ मीटर रस्ता आपण न पाहताच कापलेला असतो. घाटात तेवढ्यात वळण येऊन जाते. नकाशाचा आवाज ऐकावा, चित्र पाहू नये. आपण एकटेच असाल, तर ठिकाण आधी नोंदवून मगच गाडी हलवावी.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळले, की रस्ता पश्चिमेला जातो आणि संध्याकाळचा सूर्य थेट समोर येतो. त्या उजेडात पडदा काळाठिक्कर दिसू लागला. मला त्याचे वाईट वाटले नाही. पाचगणीच्या बाजूचे डोंगर जांभळे होत होते, तेच पाहावेत असे होते.

सकाळी कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आलो, आणि गाडी सुरूच होईना. बॅटरी पूर्ण उतरलेली. गल्लीतल्या वायरमनने पडदा बाहेर ओढून पाच मिनिटांत कारण दाखवले. पिवळ्या तारेत कायम वीज असते, लाल तारेत किल्ली फिरवल्यावरच यायला हवी. बसवणाऱ्याने घाईत दोन्ही एकत्र पिळून टाकल्या होत्या. रात्री मी पडद्याचा उजेड मालवला, आतले यंत्र मात्र जागेच राहिले. दुकानातून निघण्यापूर्वी किल्ली काढून एवढेच पाहावे, की पडदा स्वतःहून बंद होतो का. वडीलधाऱ्यांसाठी हे काम करवून घेणाऱ्या मुलामुलींनी तर अवश्य पाहावे. आमची बॅटरी वाईत, दारासमोर उतरली. एखाद्या निर्जन ठिकाणी सत्तरीचे जोडपे औषधांच्या पिशवीसह अडकले असते, तर काय झाले असते?

दुपारी आक्काला घेऊन मेणवलीला गेलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागे नदीचा घाट आहे, आणि तेथल्या छोट्या देवळात वसईच्या मोहिमेतून आणलेली म्हणून दाखवतात ती मोठी पोर्तुगीज घंटा. आक्का पायरीवर बसून बराच वेळ पाणी पाहत राहिली.

निघताना गाडी मागे घ्यायची होती. कॅमेऱ्याचे भिंग रुंद असल्याने मागची वस्तू असते त्याहून दूर भासते, म्हणून मी पडद्यावरच्या लाल रेघेची वाट न पाहता आधीच थांबतो. बाजूने धावत येणारे मूल त्यात दिसतेच असे नाही, म्हणून दोन्ही आरसेही पाहतो. गिअर टाकला, आणि पडद्यावर एक शेळी निवांत उभी असलेली दिसली. आक्काने मागच्या आसनावरून विचारले, "का रे थांबलास?"

"शेळी आहे, आक्का."

"मग जाऊ दे तिला आधी," ती म्हणाली.