खोली नंबर २७ मधली गुलछडी

होस्टेलच्या खोलीत फुलं ठेवणारा मुलगा म्हटलं की चिडवाचिडवी ठरलेलीच. "काय रे, बघायला कुणी येणार आहे का?" इथपासून सुरुवात! मी मात्र पावसाळ्यात गावाहून येताना गुलछडीच्या काड्या आणतोच. पुस्तकी भाषेत निशिगंध. मूळची मेक्सिकोची, पण पुणे जिल्ह्यात अशी रुळलीय की ती पाहुणी आहे हे कुणाला सांगून पटत नाही. आमच्या वीस गुंठ्यांत तीच आहे. सिंगलच्या कळ्या पहाटे खुडून किलोवर हारवाल्यांना, आणि डबलच्या काड्या जुड्या बांधून मार्केट यार्डात.

काडी कापायची ती खालची दोन फुलं उमलली आणि वर सगळ्या कळ्या असताना. कारण गुलछडी खालून वर उमलते. मला तिचं हेच आवडतं. रोज सकाळी एक मजला वर! खालचं सुकलेलं खुडायचं, की वरचं तयार.

आता मांडणी. फुलदाणी कुठली, जॅमची बाटली. पण अडीच फुटी काडी अन् वीतभर बाटली, म्हणजे गुरुत्वमध्याचा प्रश्न आलाच. तळाशी खडी भरली की उभी राहते. काड्या तीनच घ्यायच्या, तिन्ही वेगळ्या उंचीच्या. जास्त झाल्या की सत्काराचा गुच्छ दिसतो, प्रमुख पाहुणे खुर्चीवर विसरून जातात तसला. पाण्यात बुडणारी पानं काढायची, नाहीतर पाणी कुजतं. देठ बादलीत, पाण्याखाली धरूनच तिरका कापायचा. बाहेर कापला तर आतल्या नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शनमध्ये हवा धरते ना, अगदी तसं. रात्री मात्र वासानं रूममेटचं डोकं चढतं, म्हणून अकरानंतर बाटली व्हरांड्यात. रेक्टर सरही राउंडला तिथं जरा थांबतात.

गेल्या सप्टेंबरात अण्णा फी भरायला आले. बाटली बघून आधी गप्पच. आमच्या घरात फूल कधी पाण्यात ठेवलेलं नाही. देवाला चार, बाकी बाजारात. काडी म्हणजे जुडीतला पैसा. मला वाटलं, आता उधळपट्टी म्हणणार. ते खुर्ची ओढून बसले, काडी बोटांनी फिरवून पाहिली.

"कितवा दिवस?"

"आठवा."

"आठवा?"

चौदा वर्षं गुलछडी लावतायत, पण कापल्यावर ती किती दिवस जगते हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. टेम्पो फाट्यावरून वळला की त्यांचा आणि काडीचा संबंध संपतो.

जाताना म्हणाले, "शेंड्याच्या कळ्या फुलत्यात का बघ. अन् फोन कर."

शेवटच्या चार कळ्या तशाच पिवळ्या पडल्या. फोनवर तसं सांगितलं. थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"मग फुडल्या टायमाला एखादं फूल जास्त फुलल्यावर कापू," अण्णा म्हणाले.