जोत्याचा दगड आणि बाटलीतील राख

जुने घर उतरवून आम्ही दोघा भावांनी त्याच जागी नवे बांधले, तेव्हा जोत्याचा एक काळा घडीव दगड मागील दारी पायरी म्हणून ठेवून घेतला. घरात आल्ताराशेजारच्या फळीवर औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत चार बोटे करडी राख आहे. धर्मभगिनी असलेल्या आमच्या मावशीने ती १९९६ साली फिलिपाईन्सहून सुट्टीवर येताना आणली. दगड काय आणि राख काय, दोन्ही ज्वालामुखीचीच अपत्ये. सख्खी भावंडे एका स्वभावाची नसतात, हे आम्हां दोघांना कोणी सांगावयास नकोच.

राख म्हणावयाची, पण ती जळून उरलेली राख नव्हे. घरात नव्याने आलेल्या सुनेने ती भांडी घासण्याची समजून एकदा चिमूटभर वापरली आणि नव्या स्टीलच्या पातेल्यावर ओरखडेच ओरखडे उमटले. ज्वालामुखीची राख म्हणजे काचेचा आणि खडकाचा चुरा. दगडाचा असा चुरा का व्हावा आणि आमच्या पायरीचा दगड मात्र अखंड का राहावा, याचे उत्तर आम्हांला पुस्तकांपेक्षा चुलीवर लवकर सापडले. पातळ पेज उकळताना बुडबुडे येतात, फुटतात, वाफ निघून जाते. घट्ट पिठले रटरटू लागले की तीच वाफ आत कोंडते आणि फटकन हातावर उडते. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या खडकातही वाफ व इतर वायू विरघळलेले असतात. खडकात सिलिका कमी असली, म्हणजे निम्म्याच्या आसपास, की रस पातळ राहतो, वायू सुटतात आणि लाव्हा वाहत जातो. सिलिका वाढली की रस चिकट होतो, वायू अडकतात, आणि वरचा भार कमी होताच सोडावॉटरच्या बाटलीसारखे सारे उसळते. त्या उसळीत खडकाचाच भुगा होतो.

रस पातळ निघणार की चिकट, हे बऱ्याच अंशी ज्वालामुखी कोठे जन्मला त्यावर ठरते. जेथे समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्ट्याखाली खचत जातो, तेथे तो आपल्याबरोबर पाणी खोल नेतो. त्या पाण्याने वरचा तप्त खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो, वर येताना मुरत मुरत दाट होतो. फिलिपाईन्स, जपान, इंडोनेशिया येथले ज्वालामुखी या जातीचे. याउलट काही ठिकाणी खोलातून तप्त खडक सरळ वर चढत येतो आणि दाब कमी झाल्याने वितळतो. तो रस पातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी अशाच एका तप्त ठिकाणावरून सरकत होती. भेगांतून लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचा काळा पत्थर झाला. सह्याद्रीच्या कड्यांवर ते थर मोजता येतात. भूमी उत्तरेस गेली. ते ठिकाण मागे राहिले. मालदीव, मॉरिशस ही त्याची वाटेतली पावले, आणि आज ते रेयुनियाँ बेटाखाली धगधगते आहे. (पातळ म्हणजे निरुपद्रवी असे मात्र कोणी समजू नये. दख्खनच्या त्या लाव्ह्याबरोबर सुटलेल्या वायूंचा डायनोसॉरांच्या अंतात किती वाटा, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.)

मावशी सुट्टीवर आली त्या सुमारास आम्ही या रेयुनियाँविषयी नुकतेच वाचले होते. १९७७ च्या एप्रिलमध्ये तेथील सेंत-रोझ भागात लाव्हा गावात उतरला. घरे गेली. चर्चच्या दारापर्यंत पोहोचून तो थोडा आत शिरला, थिजला आणि दोन्ही बाजूंनी पुढे गेला. चर्च उभे राहिले; लोक त्याला लाव्ह्याची माता मरिया म्हणू लागले. आमच्याच जोत्याच्या दगडाच्या कुळातला तो लाव्हा! रात्री रोझरीनंतर आम्ही ही हकीकत मोठ्या उत्साहाने मावशीला ऐकविली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग बाकोलोरच्या लोकांनी काय पाप केले होते, बाबांनो?"

बाकोलोर हे नाव आम्ही तेव्हा प्रथमच ऐकले. पिनातुबो पर्वत सुमारे पाचशे वर्षे झोपला होता. १९९१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या उतारावरील एता आदिवासींना जमीन फाटलेली आणि वाफा निघताना दिसल्या. त्यांच्यात काम करणाऱ्या सिस्टर एम्मा फोन्देव्हिया त्यांना घेऊन सरकारी ज्वालामुखी संस्थेत गेल्या. शास्त्रज्ञांनी ऐकले, यंत्रे बसविली. क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने केलेली ज्वालामुखीच्या धोक्यांची चित्रफीत अधिकाऱ्यांना दाखविण्यात आली. ते दांपत्य स्वतः ३ जून रोजी जपानच्या उन्झेन पर्वतावर मृत्यू पावले. १५ जूनला पिनातुबो फुटला, तोवर हजारो कुटुंबे हलविली गेली होती. त्याच दिवशी वादळ आले. पावसाने भिजलेली राख छपरांवर साचली आणि जे शेकडो लोक दगावले त्यांतले बहुतेक छपरे कोसळून. मावशीचे म्हणणे असे, की कोरडी राख झाडून टाकता येते, ओली राख म्हणजे ओतलेले सिमेंट.

पण स्फोट संपला म्हणून पर्वत संपला नव्हता. दर पावसाळ्यात ती राख चिखल होऊन नद्यांतून उतरत राहिली, आणि १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये तिने बाकोलोर गाव गाडले. तेथील सान गिलेर्मोचे जुने चर्च निम्म्या उंचीपर्यंत चिखलात गेले. तेथेही रोझरी म्हटली जात होतीच.

आमच्याकडे उत्तर नव्हते आणि मावशीने ते मागितलेही नाही. तिने बाटली काढून आईच्या हाती दिली, "ही त्या डोंगराची," एवढेच म्हणाली.

काही वर्षांनी तिचे पत्र आले. बाकोलोरच्या लोकांनी चर्च सोडले नव्हते. गाडलेला लाकडी आल्तार त्यांनी खणून काढला आणि चिखलाच्या नव्या जमिनीवर घुमटाखाली पुन्हा उभारला. पूर्वीच्या खिडक्या आता दरवाजे झाले आहेत. वाकून आत जावे लागले, असे तिने लिहिले होते, आणि पुढे नेहमीप्रमाणे आईच्या गुडघ्यांची चौकशी.