एका घरात दोन शाळा?

"धाकटीचं नाव वस्तीवरच्याच शाळेत घालून टाकू," भाकरीचा तुकडा मोडता मोडता हे म्हणाले आणि मोटारीला लाईट आली का ते बघायला उठून गेलेसुद्धा! माझी तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली.

थोरल्याच्या वेळी केवढा थाट झाला होता! तीन वर्षांपूर्वी महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता. चौदा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत हेलपाटे, फोटो, टाय, बूट. प्रवेशाच्या दिवशी हे कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले होते. आणि पोरीचा निकाल मात्र एका भाकरीत लागला.

"पोरीच्या जातीला कशाला गं एवढा खर्च?" आत्याबाईंनी वर आणखी म्हटलं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, की हिलाही त्याच गाडीत बसवून त्याच शाळेत धाडायची. आमचं इनामगाव घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात. म्हणजे पुणे जिल्हाच की! ज्या पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात सावित्रीबाई मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या, तिथंच अजून मुलाची शाळा वेगळी नि मुलीची वेगळी? आजूबाजूला बघितलं तर चार घरांत हेच. भाऊ पिवळ्या गाडीत आणि बहीण पायी.

रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. थोरल्याची फी चोवीस हजार, गाडीचे नऊ हजार, शिकवणीचे सहा हजार. दोघांचे मिळून अठ्ठ्याहत्तर हजार! आमचा सगळा जीव उसाच्या बिलावर आणि ते येणार हप्त्याहप्त्यानं. शिक्षणहक्काच्या कायद्यात खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा राखीव असतात, हे ऐकून होते. पण आमच्यासारख्यांना त्यासाठी उत्पन्न वर्षाला लाखाच्या आत लागतं. आम्ही बसत नव्हतो.

मग मनात आलं, एवढे पैसे ओतून थोरल्याच्या पदरात काय पडलं, ते तरी बघावं. मामंजींच्या औषधाबरोबर मराठीत छापलेला एक कागद आला होता. म्हटलं, "आजोबांना वाचून दाखव." पोरगं एकेक अक्षर लावत बसलं. इंग्रजी पुस्तक मात्र घडाघडा वाचलं. "म्हणजे काय रे?" विचारलं, तर खाली मान. त्याचा काय दोष? घरात, रानात, गोठ्यात कुणी ती भाषा बोलत नाही. गृहपाठ आम्हा दोघांना समजत नाही, म्हणून तर शिकवणी लावलेली!

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. दोन शिक्षक आणि चार वर्ग. एक शिक्षक कामासाठी बाहेर गेले, की दुसऱ्यावर सगळा भार. ही अडचण बाईंनी स्वतःच सांगितली, लपवली नाही. इंग्रजी विषय पहिलीपासूनच होता. आपल्या राज्यात मराठी शाळांत तो २००० सालापासून आहे, हे मीच विसरले होते!

मी मागं जाऊन बसले. बाई पोरांना गावच्या पांढरीबद्दल विचारत होत्या. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं खोदकाम केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं, रांजण, जवाचे दाणे सापडले. पाटानं पाणी आणल्याच्या खुणाही निघाल्या. पोरं हे सगळं आपल्या भाषेत, हातवारे करकरून सांगत होती. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तवा बी लोकं पाणी धरत व्हते?" सगळा वर्ग हसला आणि बाईसुद्धा. तो प्रश्न माझ्या डोक्यात दिवसभर राहिला. माझे मामंजी तरणे असताना त्याच खोदकामावर रोजानं पाट्या उचलायला जात. आणि थोरल्याला पिरॅमिडचं चित्र ओळखता येत होतं, पण पांढर ठाऊक नव्हती.

तिथून निघाले ती मोठ्या पेचात. शाळा मनाला पटली होती. पण 'पोरगी आहे, चालतंय' म्हणून तिला तिथं घालायचं, हे काही पटत नव्हतं. शाळा तीच, पण कारण खोटं! आमच्याच तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी एके काळी रांगा लागत. तिथं काय फक्त मुलीच जात होत्या?

रात्री जेवणं झाल्यावर मी बोलले. "अहो, वस्तीवरची शाळा चांगली असेल तर दोघांनाही चांगली. आणि थोरल्याला चालत नसेल, तर धाकटीलाही चालायची नाही."

हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अगं, लोक म्हणतील, बिल थकलं म्हणून पोराला काढलं." त्यांचंही खोटं नव्हतं. गावात राहायचं तर तोंडं चुकवता येत नाहीत.

तेवढ्यात आत्याबाई अंथरुणावरून बोलल्या, "मला चौथीतनं काढली. भावाला शिकायला शिरूरला ठेवला. मलाबी गणितं येत व्हती." एवढं बोलून कूस बदलली. सकाळी या विषयावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण 'पोरीच्या जातीला' हेही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

जूनमध्ये थोरल्याचा दाखला काढून आणला आणि दोघं एकाच शाळेत जायला लागले. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. थोरला गणपतीपर्यंत रुसून होता, गाडीतले मित्र सुटले म्हणून. जाऊबाईंनी हळदीकुंकवात चारचौघींत टोमणा मारला. तो मी गिळला.

फीचे पैसे मात्र मी घरखर्चात मिसळू दिले नाहीत. पोस्टात धाकटीच्या नावानं सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत ते उघडावं लागतं, वर्षाला अडीचशे रुपयांपासूनही चालतं. थोरल्याच्या नावानं तेवढ्याच रकमेचं आवर्ती खातं काढलं. रात्री भांडी आवरली, की इंग्रजीचं पुस्तक घेऊन दोघांच्या मध्ये मीही बसते. चुकले, की धाकटी मला हसते.

चौथीनंतर वस्तीवरची शाळा संपते, म्हणजे पुढच्या वर्षी थोरल्याचा प्रश्न पुन्हा आहेच. तेव्हा निर्णय कदाचित निराळाही घ्यावा लागेल. पण तो जो होईल, तोच पुढं धाकटीला लागू. एवढं मी यांच्याकडून कबूल करून घेतलंय, तेही भाकरी तव्यावर नसताना!