बारा कॅनचा तराफा

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीतील आमच्या बोळात छातीइतके पाणी उभे होते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट मानतात. कृष्णा त्या दिवशी 57 फुटांवर गेली होती. दुकानातील माल आदल्या रात्रीच पाण्याखाली गेला होता. त्याचे दुःख करण्यासही सवड नव्हती, कारण बोळाच्या टोकाच्या घरात, वरच्या मजल्यावर काकू एकट्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचा त्यांचा फोन सकाळीच आला होता. शिवाय चातुर्मासात उकळलेल्या पाण्याखेरीज त्या दुसरे पाणी घेत नसत, आणि त्यांच्याकडचा गॅस संपला होता. बचावाच्या बोटी मोठ्या रस्त्याने जात होत्या. आमच्या अरुंद बोळात त्या वळत नव्हत्या. चालत जावे तर पाण्याखाली गटारे उघडी पडलेली.

पुतण्या म्हणाला, “काका, तराफा करू.”

कृष्णाकाठाला ही कल्पना नवी नाही. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड आणि गुऱ्हाळातील काहील यांच्या आधाराने पूर ओलांडणारी माणसे आमच्या वडिलांनी पाहिली होती. आमच्या माळ्यावर भोपळे नव्हते. तेलाचे 15 लिटरचे रिकामे प्लास्टिकचे कॅन मात्र बारा होते. दिवाणाची फळी, मांडवाचे बांबू, कांद्याची जाळीदार पोती आणि सायकलच्या जुन्या ट्यूबही निघाल्या.

पहिला प्रयत्न फसला. फळीखाली नुसते दोरीने बांधलेले कॅन पाण्यात जाताच निसटून बाजूला झाले, आणि एकाचे झाकण सैल असल्याने तो भरून फळी तिरकी झाली. हे जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्यांवरच घडले, हे आमचे भाग्य! मग प्रत्येक झाकणाखाली पिशवीचा तुकडा घालून ते घट्ट आवळले, वरून मेणबत्तीचे मेण ओतले. तीन-तीन कॅन एकेका पोत्यात घालून तोंडे शिवली, आणि ती पोती बांबूंच्या चौकटीला ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधली. दोरीपेक्षा रबर चांगले. ते ताणून बांधले की हलणाऱ्या गाठीही सैल पडत नाहीत.

हिशेब मी मांडला. बुडालेला कॅन जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढाच भार पाणी उचलून धरते. एका कॅनमागे 15 किलो, बारांचे 180. फळी, बांबू आणि कॅनचे स्वतःचे वजन वजा जाता 145 उरले. त्यातील निम्मेच वापरायचे, असे मी ठरवले. माणूस हलतो, झुकतो, आणि भार एका कडेला गेला की बेरीज बरोबर असूनही तराफा उलटतो. पुतण्याचे वजन 58 किलो. पाणी, गोळ्या आणि खिचडीचा डबा मिळून दहा. कमरेला आमच्या गॅलरीला बांधलेली लांब दोरी, हाती तळ चाचपण्यास बांबू. बोळ पुढे बंद असल्याने पाण्याला ओढ नव्हती. ओढ असती तर मी त्याला जाऊच दिले नसते.

तो पोहोचला. सूर्यास्ताला अजून तासभर होता. काकूंनी दोरीला बांधून पिशवी वर ओढून घेतली.

परतताना मधल्या घराच्या खिडकीतून एका मातेने हाक मारली. “माझ्या मुलीला तेवढी तुमच्याकडे न्या.” मुलगी सहा-सात वर्षांची, वीस किलोंची असेल. पुतण्या थांबला, त्याने माझ्याकडे पाहिले. एकूण भार माझ्या ठरवलेल्या मर्यादेच्या थोडा वर जात होता, बुडण्याच्या मर्यादेपासून पुष्कळ दूर होता. मी गॅलरीतून ओरडलो, “नको!” त्या घराचा वरचा मजला कोरडा होता, उणीव अन्नाची होती. दुसऱ्या फेरीत आम्ही खिचडी पाठवली. त्या बाईंनी ती घेतली, पण माझ्याकडे पाहिले नाही.

रात्री बातमी आली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली नाव उलटली होती. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “काका, ती मुलगी खरेच बुडाली असती?” बहुधा नसती, असे मी म्हणालो.

पूर ओसरल्यावर कॅन धुऊन पुन्हा माळ्यावर गेले आणि फळी दिवाणावर. तिच्या कडेला बांबूने पडलेले वळ अद्याप आहेत. त्या बाई वाटेत भेटल्या की नमस्कार करतात. मुलगी आता मोठी झाली आहे, ती हसते.