धानाच्या खोलीतलं ऑफिस

१८ जुलै २०२२ला २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला आणि आमच्या ओसरीवर माणसांची रीघ लागली. आमचं गाव तुमसर तालुक्यातलं, इथे धानाशिवाय पान हलत नाही. राइस मिलवाले, छोटे व्यापारी, सगळ्यांचा एकच प्रश्न: आमच्या ३० किलोच्या कट्ट्याला लागतो का, सुट्याला लागतो का?

जीएसटीची विवरणपत्रं भरून देण्याचं काम मी घरूनच करते. तोवर जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस होतं. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरणपत्र, २० तारखेला कराचा भरणा. या तारखा जवळ आल्या की टेबलावर बिलांचे गठ्ठे आणि घरच्यांची ताटं जमिनीवर. सासूबाई बोलत काही नसत, फक्त वरणाचं पातेलं गठ्ठ्याशेजारी जरा आवाज करून ठेवत. माझी मान तर रात्री उशीवर टेकवली तरी ठणकायची.

शेवटी मागची धानाची खोली घ्यायचं ठरलं. ‘मंग धान कुठं ठेवाचा?’ हा सासूबाईंचा सवाल रास्त होता. खाण्यापुरता आणि बियाण्याचा धान माजघरात पत्र्याच्या कोठ्यांत गेला, बाकीचा यापुढे थेट विकायचा, असं ठरलं.

खोली जुनी. मातीच्या रुंद भिंती, वर कवेलू. मिस्त्री म्हणाला, पाडा आणि स्लॅब टाका. दीर म्हणाले, टिन टाका, काम मिटेल. मी दोघांचंही ऐकलं नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या आसपास जातो. टिन तापायला वेळ लागत नाही. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि रात्री ते खोलीत सोडतो, आणि वीस तारखेला माझं काम रात्रीच रंगात येतं. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, मातीची जाड भिंत ऊन आत यायला उशीर करते. त्याची किंमतही मोजावी लागते, नाही असं नाही. दर पावसाळ्याआधी घर फेरायचं, फुटके कवेलू बदलायचे, आणि वरून माकडं. माकडांवर उपाय मला आजतागायत सापडलेला नाही.

कवेलूखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत केलं. तट्टे विणून आणले ते बुरडाकडून. बांबूला कीड लागली की पिवळा भुगा गळतो आणि तो नेमका कीबोर्डात जातो, म्हणून तट्टे आधी बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून वाळवून घेतले. छत आणि कवेलू यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवली, दोन्ही टोकांना जाळी बसवली. मे महिन्यातल्या भर दुपारी स्टुलावर चढून तट्ट्याला तळवा लावून पाहिला, कोमट लागला. लगेच बाजूच्या स्वयंपाकघरात स्लॅबला हात लावला आणि झटकन मागे घेतला. खर्चाचा मोठा वाटा या छतावर गेला, त्याबद्दल घरात बरंच ऐकून घेतलं.

कूलर खिडकीबाहेर, सावलीत बसवला. विदर्भात कूलर कसा चालवायचा हे कुणी कुणाला शिकवावं लागू नये, तरी येणारा प्रत्येक जण समोरची खिडकी लावून घेतो. ती उघडीच हवी. ओली हवा बाहेर पडली नाही तर अर्ध्या तासात अंग चिकट होतं आणि बिलांचे कागद सादळलेल्या पापडासारखे मऊ पडतात. पाऊस लागला की हवाच दमट होते, मग कूलरचा उपयोग संपतो आणि उरतो पंखा. छापील पावत्यांची आणखी एक तऱ्हा. दुकानातल्या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीवर शाई नसते, उष्णतेनंच अक्षरं उमटतात, आणि उष्णतेनंच ती पावती काळवंडते. अशा पावत्या मी आल्या आल्या स्कॅन करते आणि कपाटात सर्वांत खाली ठेवते. उरलेल्या कागदांवर भंडाऱ्याची जुनी पितळी वजनं, म्हणजे पंख्याची भीती नाही.

मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. त्यामुळे भिंतीवरच्या फळ्यांचा विचार सोडला, उभी रॅक जमिनीवर ठेवली. वायरिंग पट्टीतून घेतलं, कारण धान गेला तरी उंदरांना खोलीची ओढ आहेच. कोळसा आणि मीठ टाकून अर्थिंगचा नवा खड्डा केला. उन्हाळी वादळात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा, दिवा आणि इंटरनेटचं राउटर चालतं, कूलर त्यावर टाकत नाही.

टेबलाच्या बाबतीत सुताराशी वाद झाला. बाजारातलं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. मी पाच फुटी. त्यावर हात ठेवले की खांदे कानाकडे जातात आणि खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. मी २६ इंच सांगितले. ‘ताई, टेबल म्हनता अन् पाट बनवाले लावता का?’ सुतार हसला, पण मी खुर्चीवर बसून कोपरापर्यंत माप घ्यायला लावलं तेव्हा त्यानं मुकाट्यानं पेन्सिल चालवली. आता तळपाय जमिनीवर टेकतात आणि टाइप करताना कोपर काटकोनात राहतं. लॅपटॉप जुन्या खतावण्यांवर चढवला, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर येते, आणि कीबोर्ड वेगळा घेतला. खिडकी उत्तरेची, ती डाव्या हाताला. पडद्यावर चमक येत नाही, लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही.

बाहेरून येणाऱ्यांसाठी मागच्या अंगणाचं दार उघडं केलं. मिलवाले आता स्वयंपाकघरातून जात नाहीत. सासूबाईंचं पातेलंही आवाज न करता टेबलावर उतरतं.

खुर्ची सर्वांत शेवटी घेतली, कंबरेला आधार देणारी, साधी. घरी ऑफिस करायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा खुर्चीची आणि दिव्याची चित्रं पाहतात. ती चित्रं थंड गावांतल्या खोल्यांची असतात. तुम्ही पूर्व विदर्भात असाल तर आधी मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या खोलीत तासभर बसून पाहा, मग खुर्चीचा भाव विचारा.