जर्दाळू बोटी

जर्दाळू बोटी हा पारशी स्वयंपाकातला मटणाचा पदार्थ. बोकडाच्या बोट्या कांद्याच्या मसाल्यात मंद आचेवर मऊ शिजवायच्या, शेवटी भिजवलेले जर्दाळू घालायचे आणि वर सल्ली, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्या, पसरायची. मुंबईत दादरची पारशी कॉलनी १९२० च्या दशकात मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने वसली. हिंदू कॉलनी तिला लागूनच, तरीही तिथल्या मराठी घरांत हा पदार्थ फारसा शिरला नाही. मटणात गोड कशाला, असा आक्षेप ऐकू येतो. आमटीत चिंच-गूळ रोज चालतो त्या घरात तो टिकणारा नाही. इथे गोडी जर्दाळूची असते आणि तिला टोमॅटो व उसाचा सिरका आवर घालतात.

खरी अडचण जर्दाळूची आहे. या पदार्थाला लहान, तपकिरी, सुरकुतलेला, बियांसकट वाळवलेला जर्दाळू लागतो. काश्मीर, लडाख, अफगाणिस्तानकडचा. दुकानात तो मागावा तर पुढे येतो मोठा, केशरी, बिनबियांचा. केशरी रंग टिकतो तो गंधकाच्या धुरीमुळे. ‘तो काळा माल आता कोण घेतं, हा बघा किती स्वच्छ’, हे वर ऐकावे लागते. रंग उतरलेला म्हणजे जुना आणि बी म्हणजे फुकटचे वजन, असा समज गिऱ्हाइकांनी करून घेतला आणि दुकानदारांनी तो पोसला. हे खटकते, कारण मोल त्या बीलाच आहे. फळ रात्रभर पाण्यात ठेवले की फुगते, बी बोटाने सुटते. ती वाळवून खलबत्त्यात एकच अलगद ठोका द्यायचा. जोर जास्त झाला तर आतल्या गराचा चुरा होतो. नीट फुटली तर बदामासारखा, पण त्याहून चपटा गर अखंड निघतो. प्रत्येक गराचा कण जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर टाकून द्यावा, कारण त्यातल्या द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होते. गोड गर सोलून रश्श्यात जातात. केशरी जर्दाळूच्या पाकिटात हा भाग मुळातच नसतो, म्हणून मग वरून बदाम-काजू पेरले जातात. ते वाईट लागत नाहीत, एवढेच.

मटण खांद्याचे घ्यावे, सोबत दोन-तीन नळ्या. उभा चिरलेला कांदा गडद तांबूस होईपर्यंत परतायचा. घाईत हाच टप्पा आटोपला जातो आणि मग रश्श्याला रंग येत नाही. त्यावर दालचिनी, वेलची, लवंग, आले-लसणाचे वाटण, काश्मिरी मिरची, धने-जिरे, मग बोट्या आणि टोमॅटो. पाणी बेताचे. झाकणावर ताटलीत पाणी ठेवून भांडे दीड-दोन तास मंद आचेवर सोडायचे, वरचे गरम झालेले पाणी लागेल तसे आत घालायचे. सावकाश शिजताना सांध्यांभोवतीचे चिवट धागे विरघळतात आणि त्यांच्यामुळेच रस्सा बोट्यांच्या अंगाबरोबर येतो. कुकरमध्ये हा पदार्थ करू नये. मात्र परळ-लालबागच्या खोलीत एकाच शेगडीवर भात, पोळ्या आणि मटण उरकायचे असेल तिथे हा नियम सांगण्यात अर्थ नाही. कुकरमध्ये शिजवून नंतर उघड्या भांड्यात आटवलेली बोटीही चांगली लागते.

जर्दाळू भिजवलेल्या पाण्यासकट, सिरक्याबरोबर, अखेरच्या पंधरा-वीस मिनिटांतच घालावेत. सुरुवातीलाच घातले तर विरघळून जातात आणि घासात फळ सापडत नाही. हे पाणी ओतून देणारे बरेच जण आहेत, खरे तर निम्मी गोडी त्यातच उतरलेली असते. चव घेऊन मगच गूळ घालायचा की नाही ते ठरवावे. चांगला जर्दाळू असेल तर गूळ लागत नाही.

सल्ली वाढतानाच घालायची, आधी घातली तर रश्श्यात मऊ पडते. सोबत रोटली किंवा पाव.